मांडवातून उठलेला माणूस : तुळशीदासाच्या पोवाड्यातील अपराधभाव

तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा मराठी वाङ्मयेतिहासात वीररसाचा आद्य नमुना म्हणून नोंदला गेला आहे. ही नोंद खोटी नव्हे, पण अपुरी आहे. ‘आधी गडाचे लग्न, मग मुलाचे’ या आशयाच्या, मराठी माणसाच्या तोंडी बसलेल्या वचनाने या पोवाड्याचा अर्थ जणू कायमचा मुक्रर करून टाकला आणि त्या वचनाआड दडलेले दुःख समीक्षेच्या दृष्टीपलीकडे गेले. अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 साली जो पोवाडेसंग्रह सिद्ध केला त्यातील ही संहिता आज पुन्हा वाचली, तर ती गड जिंकल्याची कथा वाटण्याआधी एका मोडलेल्या लग्नाची कथा वाटते. हा पोवाडा मूलतः शोकात्म कथागीत आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी शौर्यापेक्षा अपराधभाव आहे, असे मला वाटते.

हे म्हणणे तपासायचे तर पोवाड्याशेजारी सभासदाची बखर ठेवावी. 1665च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांपैकी कोंढाणा एक. तो 1670च्या फेब्रुवारीत परत आला. कृष्णाजी अनंत सभासद या घटनेनंतर सुमारे 27 वर्षांनी, जिंजीस, 1697च्या सुमारास लिहितो. त्याचे कथन कोरडे आहे. तानाजी मालुसरे मावळ्यांचा हजारी, तो गड घेण्याचे आपण होऊन पत्करतो. बरोबर पाचशे माणूस, त्यांपैकी तीनशे वर चढतात. उदेभानाशी झुंज होते, दोघेही पडतात. पागेला आग लावून खूण केली जाते. यात ना लग्न, ना मातेची इच्छा, ना सोंगट्यांचा डाव. पोवाड्यात पाचशेंचे बारा हजार होतात, ही शाहिरी अतिशयोक्ती म्हणून सोडून देता येईल. परंतु रायबाचे लग्न आणि जिजाबाईंचा हट्ट ही अतिशयोक्ती नव्हे. ती रचना आहे. बखरीत जो माणूस आपण होऊन पुढे येतो, त्याला शाहीर बोलावून आणतो. बखरीतल्या तानाजीचा मृत्यू कोणाच्याही माथी येत नाही. पोवाड्यातल्या तानाजीचा मृत्यू कोणाच्या तरी माथी यावाच लागतो.

पोवाड्याचा आरंभ पाहावा. प्रतापगडावर जिजाबाई केस विंचरीत आहेत आणि त्यांची नजर सिंहगडावर जाते. (प्रतापगडावरून सिंहगड दिसतो की नाही, हा प्रश्न शाहिराच्या लेखी गौण आहे. इच्छेला भूगोल नसतो, एवढे तो जाणतो.) राजगडावरून शिवाजीमहाराजांना तातडीने पाचारण होते. येथे शाहीर एक विलक्षण गोष्ट करतो : तो माता आणि पुत्र यांना सोंगट्या खेळायला बसवतो. महाभारताच्या श्रोत्याला डाव मांडला की पुढचे कळतेच. पुत्र हरतो, दुसरे कितीतरी गड देऊ करतो, पण मातेला तोच गड हवा असतो. आणि तो नाही म्हणू लागताच राज्य जाळून टाकण्याचा शाप ती उच्चारते. इतिहासातील जिजाबाईंचे हे चित्र नव्हे, हे सांगायला नकोच. ही पोवाड्यातील माता आहे, लोककथेतील माता आहे, आणि तिचा शाप हा कथेचा कणा आहे.

यानंतर पत्र उमरठ्याला पोचते. मांडवात रायबाच्या लग्नाची तयारी चालू आहे. ऐंशी वर्षांचे शेलारमामा जाणत्या माणसाच्या अधिकाराने बजावतात की त्या गडावर गेलेला परत आलेला नाही. तरीही तानाजी उठतो. या उठण्यात जे आहे त्याला नुसते स्वामिनिष्ठा म्हणून भागत नाही. तो राजगडावर पोचतो तो रागावून. लग्नातून का उठवलेत, असे तो राजालाच विचारतो. आणि राजाचे उत्तर मला या पोवाड्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते : मी नव्हे, मातेने बोलावले. म्हणजे घटना घडण्याआधीच तिची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. माता मात्र ती कोणाकडे देत नाही. ती तानाजीला ओवाळते, त्याच्या मस्तकावरून बोटे मोडून त्याची इडापिडा स्वतःकडे घेते आणि मग म्हातारपणी गड मागते. बोटे मोडणे ही मायेची कृती आहे, पण ज्याला आपण संकटात लोटतो आहोत त्याचीच दृष्ट काढणे यात माया आणि अपराध एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. येथे शाहिराने काही स्पष्ट केलेले नाही, आणि तेच त्याचे सामर्थ्य.

स्कॉटिश लोकगीतांतील ‘एडवर्ड’ या कथागीताची आठवण येथे अपरिहार्य आहे. पर्सीने 1765 साली ते प्रसिद्ध केले, हर्डरने जर्मनमध्ये नेले, आणि चाइल्डच्या संग्रहात ते तेराव्या क्रमांकावर आहे. तेथेही माता आणि पुत्र यांचा संवाद आहे. तलवारीवर रक्त कसले, हा तिचा प्रश्न. ससाण्याचे, मग घोड्याचे अशी टाळाटाळ करीत अखेर पित्याचे हे त्याचे उत्तर. तो घर सोडणार आहे, समुद्रापार जाणार आहे. वाड्याचे काय, बायकामुलांचे काय, याची उत्तरे तो निर्विकारपणे देतो. शेवटी माता स्वतःबद्दल विचारते आणि तो तिला शाप देतो, कारण सल्ला तिचाच होता. आपण आतापर्यंत प्रश्नकर्तीच्या बाजूने ऐकत होतो हे श्रोत्याला या एका वाक्यात उमगते. अमेरिकेत गेलेल्या अनेक मौखिक पाठांत मातेचा हा सहभाग गळून पडला आहे. पर्सीच्या पाठावर संस्कार करणाऱ्या हाताची करामत त्यात असावी अशी शंकाही अभ्यासकांनी घेतली आहे. आपल्या पोवाड्यालाही मौखिक परंपरेतले अनेक हात लागलेले आहेत, म्हणून ही शंका आपल्याला परकी वाटू नये.

दोन्ही रचनांचा क्रम मात्र उलट आहे. ‘एडवर्ड’मध्ये रक्त आधी, घर सोडणे नंतर आणि मातेचा शब्द सर्वांत शेवटी उघड होतो. तुळशीदासाकडे मातेचा शब्द सर्वांत आधी, मग घर सोडणे, मग रक्त. तेथे शाप पुत्र मातेला देतो, येथे माता पुत्राला द्यायला निघते. त्यामुळे स्कॉटिश कथागीत रहस्यासारखे उलगडते, तर आपला पोवाडा ज्याला सगळे ठाऊक आहे अशा श्रोत्यासमोर उभा राहतो. कड्यावर अर्ध्यातून मागे फिरणाऱ्या घोरपडीचा अपशकुनही त्याला नवे काही सांगत नाही. तानाजीने तिला दिलेली धमकी ऐकून तो फक्त अधिक खिन्न होतो.

हा श्रोता कोण होता, हे विसरून चालणार नाही. असे पोवाडे गोंधळ्यांनी जतन केले, हे अ‍ॅकवर्थने नोंदवले आहे. आणि गोंधळ घातला जातो तो बहुधा लग्नानंतर. म्हणजे नुकत्याच लागलेल्या लग्नाच्या मांडवात, दिवटीच्या उजेडात, मोडलेल्या लग्नाची कथा ऐकली जात असणार. वरबाप समोर बसलेला असणार. या प्रसंगाचा विचार न करता पोवाड्याचा रस ठरवणे म्हणजे केवळ छापील संहितेचा रस ठरवणे होय. 1903 साली हरिभाऊ आपट्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिली तोवर ही कथा वाचकाच्या खोलीत आली होती आणि राष्ट्रीय स्फूर्तीच्या गरजेने तिचा अर्थ निश्चित केला होता. त्या गरजेची थोरवी मी नाकारीत नाही.

हा पोवाडा कोयनानगरला, शिवसागराच्या काठी शिकवताना मला त्याचे हे दुसरे अंग दिसू लागले. प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गावाजवळ शिवकालीन पुलाखालून वाहणारी कोयना हीच. हेळवाकजवळ ती पूर्वेला वळते आणि त्याच परिसरात 1954 नंतर धरण उभे राहिले. जलाशयाला महाराजांचे नाव मिळाले. त्याखाली गेलेल्या गावांतील माणसे सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली. राज्याला वीज हवी होती, आणि ती मागणी खोटी नव्हती. एका तासाला मी तानाजीच्या त्यागावर बोलत असता मागच्या बाकावरून प्रश्न आला : “सर, तो गेल्यावर मांडवाचं काय झालं?” वर्गात कोणी हसले नाही. माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण मी पोवाडा तोवर गडाच्या बाजूने वाचत आलो होतो.

उत्तर पोवाड्यातच आहे. निघताना तानाजी दोन्ही शक्यता बोलून ठेवतो : परतलो तर लग्न मी लावीन, मेलो तर तुम्ही लावा. त्याचे शव ज्या वाटेने उमरठ्याला गेले त्या घाटाला मढे घाट म्हणतात, अशी लोकसमजूत आहे. आणि गड जिंकल्याबरोबर शाहीर थांबत नाही. तो राजाला उमरठ्याला नेतो आणि ज्या मांडवातून बाप उठवला गेला त्याच मांडवात मुलाचे लग्न राजाच्या हातून लावून घेतो. वीरगाथेला या प्रसंगाची गरज नव्हती.