अलीगढच्या चंद्याची दप्तरे

इतिहासाच्या तासाला मुले सनावळ्या विचारतात, "सर, पैसा कोठून आला?" असे सहसा कोणी विचारीत नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या जुन्या कागदपत्रांत मात्र याच प्रश्नाचे उत्तर आहे.

कॉलेजसाठी निधी समिती १८७२ साली स्थापन झाली. शाळा उघडली १८७५ च्या मे महिन्यात, म्हणजे झोळी आधी व फळा नंतर! सर सय्यद अहमद खान यांनी पैशासाठी काय केले नाही? सोडत काढली, तेव्हा धर्माच्या नावाने आक्षेप घेतले गेले. प्रदर्शनात रंगमंचावरही उभे राहिले. पतियाळाच्या शीख महाराजांसारख्या मुस्लिमेतर दात्यांनीही मदत केली. देणगीदारांची नावे इमारतींच्या दगडांवर कोरली गेली. १८९० पासून विद्यार्थी स्वतः 'अंजुमन-उल-फर्ज'तर्फे गरीब सोबत्यांसाठी चंदा गोळा करू लागले.

आणि १८९५ साली उघडकीस आले की, कार्यालयाच्या मुख्य कारकुनाने एक लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर केली आहे. सर सय्यद यांना इंग्रजी बेताचेच येई, आणि या माणसावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. पै पै करून जमविलेला पैसा! हा धक्का त्यांना फार लागला; पुढील काळात विद्यार्थ्यांची संख्याही घटली. १८९८ च्या मार्चमध्ये ते वारले. संस्थेच्या गौरवग्रंथांत असली पाने चटकन उलटली जातात. मला वाटते, आपल्या मुलांनी तीच आधी वाचावीत.

त्यांच्या मृत्यूनंतर विद्यापीठासाठी दहा लाखांचा स्मारक निधी उभारण्याचे ठरले. १९११ मध्ये आगाखान यांच्या नेतृत्वाखाली मोठी मोहीम निघाली, शौकत अली त्यांच्यासोबत गावोगाव फिरले. विद्यापीठाचा कायदा मात्र १९२० साली झाला. भोपाळच्या बेगमसाहेबा पहिल्या कुलपती झाल्या.

ही जुनी कागदपत्रे आज सर सय्यद यांच्या राहत्या घरी, १९७४ साली स्थापन झालेल्या सर सय्यद अकादमीत जपली आहेत.

१९२० च्या कायद्याच्या सातव्या कलमात तीस लाख रुपये कायम ठेव म्हणून गुंतवून ठेवण्याची अट आहे. पुढे त्याच कायद्यात दरवर्षी हिशेब तपासून घेण्याचे बंधनही घातले आहे. १८९५ सालचा कारकून हे कलम लिहिणाऱ्यांच्या आठवणीत असावा.