मुंबईचे पारशी आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

मल्टिपल स्क्लेरोसिस ऊर्फ एमएस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. रोगाशी लढणारी शरीराची यंत्रणा मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणावरच उलटते. आवरण झिजते, वण उरतात आणि मेंदूचे संदेश वाटेत अडखळतात. एका डोळ्याने अंधुक दिसणे, पाय लटपटणे, मुंग्या येणे, लघवीवरचा ताबा जाणे ही लक्षणे बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतात. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण जास्त आहे. पॅरिसमध्ये झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली त्याचे सुसूत्र वर्णन केले.

या आजाराच्या प्रसाराचा अभ्यास बेटांवर विशेष झाला, कारण तिथली वस्ती लहान, मोजण्याजोगी आणि बरीचशी आपसात नातेसंबंध असलेली. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर १९७४ साली लाखामागे ३०९ रुग्ण आढळले, २००९ साली ४०२. फेरो बेटांवर दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५, ब्रिटिश फौज होती. तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये १९४३ पूर्वी हा आजार नव्हता आणि तो या फौजेबरोबर आला, असे जॉन कुर्ट्झके आणि काय हिलेस्टेड यांनी मांडले. रुग्ण मोजकेच आणि पूर्वीच्या नोंदी तुटपुंज्या, म्हणून अनेकांना हा निष्कर्ष मान्य झाला नाही.

मुंबईत असा अभ्यास पारशी समाजाबाबत झाला. नोशिर वाडिया यांनी १९५७ मध्ये जे. जे. रुग्णालयात मज्जाविकार विभाग सुरू केला, तेव्हा एमएस हा थंड हवेच्या देशांचा आजार मानला जाई. एमआरआय नव्हते. लक्षणांचा इतिहास, गुडघ्यावर हातोडी मारून केलेली तपासणी आणि पाठीतून काढलेले पाणी यांवरच निदान ठरे. काही ठिकाणी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवत. अंग तापले की जुने वण बोलू लागत, ओसरलेला अंधुकपणा परत येई आणि अंग थंड झाल्यावर निघून जाई. उन्हाळ्यात रुग्णांचा त्रास वाढतो, त्यामागेही हेच कारण आहे.

लोकसंख्येच्या मानाने मुंबईच्या रुग्णांत पारशी बरेच जास्त आहेत, हे डॉक्टरांच्या लक्षात आले. पारशी समाजातील मज्जाविकारांची घरोघर पाहणी करणे इतरांच्या तुलनेत सोपे होते, कारण बरीच कुटुंबे ‘बाग’ म्हणवणाऱ्या वसाहतींत आणि कॉलन्यांमधून एकत्र राहत. नादिर भरूचा आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मुंबईच्या पारशांमधील प्रमाण लाखामागे सुमारे २१ असल्याचे प्रसिद्ध केले. वाडिया आणि भाटिया यांच्या १९९०च्या लेखात मुंबई-पुण्याच्या पारशांसाठी ते सुमारे २६ आले. देशातील इतरांसाठी त्या काळचे अंदाज लाखामागे एक-दोनच्या आसपास होते.

हवा तीच, पाणी तेच, शहरही तेच. तरी एवढा फरक. त्यामुळे आनुवंशिकतेकडे लक्ष गेले. पारशांचे पूर्वज इराणातून गुजरातच्या किनाऱ्यावर आले आणि विवाह शतकानुशतके समाजातच होत राहिले. पुढे इराणातही मोजणी झाली, तेव्हा तेहरानमध्ये २००८ साली लाखामागे सुमारे ५२ रुग्ण आढळले. मात्र वंश हे एकमेव कारण नाही. एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे २०२२ साली अमेरिकी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासातून दिसले. धूम्रपान आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही संबंध आढळला आहे.

लहान समाजातले आकडे वाचताना जपावे लागते. पन्नास हजारांच्या वस्तीत लाखामागे २१ म्हणजे दहा-अकरा माणसे. आणखी दोन रुग्ण सापडले की दर चारने चढतो. भारतातील पारशी १९४१ मध्ये १,१४,८९० होते, २०११ मध्ये ५७,२६४ उरले, आणि त्यांत वृद्धांचा वाटा मोठा. म्हणून वयोगट लक्षात न घेता दोन काळांतील दरांची तुलना केली तर फसगत होते. शिवाय रुग्ण जास्त वर्षे जगू लागले की नवे रुग्ण तेवढेच असूनही एकूण संख्या वाढते.

निदानाची साधनेही बदलली. एमआरआयमुळे पूर्वी निसटणारे रुग्ण सापडू लागले. उलट, २००४ मध्ये न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या वेगळ्या आजाराची रक्तचाचणी हाती आली आणि एमएसमध्ये गणले गेलेले काही रुग्ण त्यातून वेगळे काढता आले. मंगळुरूत लेखा पंडित यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे ८ हून अधिक रुग्ण आढळले. भारतात हा आजार जवळपास नाहीच, ही समजूत त्यामुळे मोडली.

या मोजणीचा रुग्णांशी थेट संबंध आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झाली, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या आजाराचा समावेश झाला. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी औषध, फिजिओथेरपी आणि सवलतींची तरतूद होत नाही. म्हणून समाज कितीही लहान असला तरी त्याची मोजणी ठरावीक काळाने, एकाच पद्धतीने व्हायला हवी.