सोबत आणि कारण : हिवतापाचा धडा

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की दोष कावळ्याच्या माथी येतो. अशा योगायोगाला आपल्याकडे ‘काकतालीय न्याय’ म्हणतात. परंतु सर्वच साहचर्य योगायोगाचे नसते. दोन गोष्टी शतकानुशतके खरोखरच एकत्र आढळतात, आणि तरीही त्यांपैकी एक दुसरीचे कारण नसते. ही चूक ओळखणे अधिक कठीण. हिवतापाचा इतिहास हे तिचे ठळक उदाहरण होय.

‘मलेरिया’ या मूळ इटालियन शब्दाचा अर्थच ‘दूषित हवा’. रोमच्या परिसरातील दलदलींतून कुबट वास येई आणि तेथे रात्र काढणारा तापाने आजारी पडे. निरीक्षण अचूक होते. दलदल कोरडी केली की ताप ओसरे. म्हणजे उपायही लागू पडे. त्या यशानेच चुकीची उपपत्ती अधिक दृढ झाली. वास आणि डास ही दोन्ही साचलेल्या पाण्याचीच अपत्ये, हे फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही.

१८८० साली लाव्हरां यांना अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे परजीवी दिसले. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांच्या वाढीच्या खुणा सापडल्या. हैदराबादच्या वाचकांना बेगमपेठेतील ती वास्तू परिचित असेलच. तथापि निर्णायक कसोटी लागली ती १९०० साली. लो आणि साम्बोन हे डॉक्टर रोमजवळ ऑस्टियाच्या दलदलीत, जाळ्या लावलेल्या झोपडीत तापाचा हंगामभर राहिले. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत ते आतच असत. हवा तीच होती, डास मात्र बाहेर होते. त्यांना ताप आला नाही. उलट, इटलीत रुग्णांचे रक्त प्यायलेले डास लंडनला नेऊन पॅट्रिक मॅन्सन यांच्या मुलाला चावू दिले, तेव्हा दलदलीपासून इतक्या दूर असूनही त्याला हिवताप झाला. दोन सोबत्यांची अशी फारकत केली, तेव्हाच खरे कारण निःसंशय ठरले.

हा भेद केवळ तर्कशास्त्राचा नव्हे. मुंबईतील हिवतापाविषयी १९११ साली बेंटली यांनी दिलेल्या अहवालाने बोट ठेवले ते विहिरींवर. दुर्गंधी नसलेल्या त्या पाण्यातही हिवतापाचे डास वाढत होते. नाकावर विसंबणाऱ्याने त्या विहिरी निर्दोष ठरविल्या असत्या आणि माणसे तापाने मरतच राहिली असती.

शासकीय सेवेत ‘योजनेनंतर’ जे घडले, ते ‘योजनेमुळे’ घडले असे मीही टिपणीत अनेकदा लिहिले आहे. योजना नसती तरी ते घडले असते काय, हा प्रश्न तेव्हा विचारावयास हवा होता.