‘मान्सून’ पडत नाही: खान्देशातून एका शब्दाचा माग

आज एकच शब्द घेऊ. धुळ्या-जळगावात अहिराणीत आपण म्हणतो ‘पानी उना’, मराठीत ‘पाऊस आला’. इंग्रजी अर्ज लिहायला बसलं की मात्र हटकून लिहितो, ‘लास्ट नाइट हेवी मान्सून फेल’. आता मान्सून पडत नाही हो, पडतो तो पाऊस! तिथे ‘इट रेन्ड हेविली’ एवढंच पुरतं.

मूळ शब्द अरबी, ‘मौसिम’, म्हणजे ठरलेला काळ. अरबी समुद्रातल्या खलाशांना पावसापेक्षा वाऱ्याची काळजी. गलबत कधी हाकारायचं ते वाराच ठरवणार. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत गेला. आपला ‘मोसम’ त्याच मुळाचा, फारसीतून आलेला. म्हणजे ‘मान्सून’ आणि ‘मोसम’ सख्खी भावंडंच. ‘मोसमी वारे’ हे भाषांतर म्हणूनच इतकं चपखल बसतं.

वाऱ्याचा हा शब्द सरकारी कागदावर धान्याचा झाला तो एकोणिसाव्या शतकात. 1875 मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. लगेच 1876-78 चा भीषण दुष्काळ आला. पाऊस किती होईल हे आधी कळावं, ही सरकारची निकड झाली. ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधायला घेतला आणि 1886 मध्ये पहिला नियमित हंगामी अंदाज निघाला. तेव्हापासून मान्सून ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ ठरू लागला.

आज ‘नॉर्मल मान्सून’ म्हणजे देशाच्या दीर्घकालीन सरासरीच्या 96 ते 104 टक्के पाऊस. हा आकडा अख्ख्या देशाचा बरं का; त्याच वर्षी शिंदखेड्यात कपाशी करपलेली असू शकते. त्यामुळे आपल्या शिवाराबद्दल लिहायचं तर ‘ड्राय स्पेल’ आणि किती दिवसांचा, ते लिहावं.

रावेर-यावलकडे मेअखेरीस वादळात केळीच्या बागा आडव्या होतात. खान्देशात मान्सून पोचतो साधारण जूनच्या मध्याला. तेव्हा मे महिन्याची तारीख टाकून अर्जात ‘मान्सून डॅमेज’ लिहिलं, तर तपासणारा तारखेवरच बोट ठेवेल. तिथे ‘थंडरस्टॉर्म विथ स्ट्राँग विंड’ लिहा, आणि वाऱ्याने किती खोडं मोडली तो आकडा.