परवलीचा शब्द आणि वहीचे शेवटचे पान

परवलीचा शब्द कोठेही लिहून ठेवू नये, हा उपदेश आपण इतक्या वेळा ऐकला आहे की तो सनातन असावा असे वाटू लागते. इतिहास निराळे सांगतो. पॉलिबियसने वर्णिलेल्या रोमन छावणीत रात्रीचा परवलीचा शब्द लाकडी पाटीवर लिहिलेलाच असे. ती पाटी शेवटच्या तुकडीपासून पहिल्या तुकडीपर्यंत हातोहात जाई आणि अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत येई. न आल्यास ती कोठे अडली याचा तपास होई. भरवसा स्मरणावर नव्हता, पाटीच्या हिशेबावर होता.

संगणकात हा शब्द १९६०च्या दशकाच्या आरंभी आला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांदो कोर्बातो यांनी एकच यंत्र अनेकांना वापरता यावे अशी व्यवस्था केली, आणि प्रत्येकाला आपापला परवलीचा शब्द दिला. मात्र सर्वांचे शब्द एकाच फाइलीत, उघड्या अक्षरांत ठेवलेले! १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने यंत्रावर जादा वेळ मिळावा म्हणून ती फाइलच छापून घेतली. येथे स्मरण कोणाचेच चुकले नव्हते. कोठार उघडे होते.

पुढे कोठार सुधारले. १९७९च्या निबंधात मॉरिस आणि थॉम्पसन यांनी मूळ शब्दाऐवजी त्याची, उलट फिरवता न येणारी, गणिती खूण साठवण्याची पद्धत मांडली. पण त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ शब्दांपैकी ८६ टक्के सहज हुडकता येण्याजोगे निघाले, आणि दोष वापरणाऱ्याच्या माथी आला. २००३ साली बिल बर यांनी लिहिलेल्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेने चिन्हे, अंक आणि मुदतीने बदल यांचा पुरस्कार केला. लोकांनी जुन्याच शब्दाच्या शेवटी एक आकडा वाढवला. २०१७ साली बर यांनी या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. तोवर एका पिढीची डोकी शिणली होती.

ब्रूस श्नायर यांच्या १९९७च्या ‘पासवर्ड सेफ’ने दुसरी वाट दाखवली: सारे शब्द एका सांकेतिक पेटीत आणि पेटीला एकच किल्ली. मराठीच्या अभ्यासकाला येथे महानुभावांची सकळ लिपी आठवणारच. राजवाड्यांनी तिची उकल करताच शतकानुशतके मिटलेल्या कितीतरी पोथ्या वाचता येऊ लागल्या. वाङ्मयेतिहासाचे ते भाग्य. पेटीच्या मालकाला मात्र तीच धास्ती. २०२२ साली ‘लास्टपास’ या सेवेतून ग्राहकांच्या पेट्यांच्या प्रतीच चोरीस गेल्या, तेव्हा मधे उरली ती ज्याच्या-त्याच्या किल्लीची लांबी.

ती किल्ली घडवण्याची १९९५ची ‘डाइसवेअर’ रीत मला विशेष आवडते. फासे टाकायचे आणि ७,७७६ शब्दांच्या यादीतून परस्परांशी संबंध नसलेले शब्द उचलायचे. जन्मभर अन्वयार्थ लावत बसणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे निरर्थक वाक्य पाठ करणे जडच जाते.

खुद्द कोर्बातो यांनी २०१४ साली एका मुलाखतीत आपण परवलीचे शब्द टंकलिखित कागदांवर उतरवून ठेवत असल्याची कबुली दिली होती. ते वाचल्यापासून माझ्या वहीचे शेवटचे पान मी फाडलेले नाही. वही तेवढी कपाटात, कुलुपाआड ठेवतो.