डोईवरचा हंडा आणि मानेचे मज्जातंतु

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेले असून पावसाळ्यांत तेथें इतकें पाणी कोसळतें कीं, मुंबईसारख्या महानगरानें आपली तहान त्याच मुलखावर सोंपविली. शहापूर तालुक्यांतील तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें. १९५७ सालीं मोडकसागराची व पुढें भातशाची त्यांत भर पडली. तानशाचें पाणी उतारानें नळांतून शहराकडे वाहतें. त्यास कोणाच्या मानेचा आधार लागत नाहीं. परंतु त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत विहिरी आटल्या म्हणजे पाणी घरीं येतें तें बायकांच्या डोक्यावरून. चुंबळीवर हंडा आणि हंड्यावर कळशी. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो वजन; भांड्याचें निराळें. शिवाय लाकडांच्या मोळ्या आहेत, भाताचे भारे आहेत. मुरबाडच्या बाजूस नाणेघाटानें सातवाहनांच्या काळापासून बंदरांचा माल घाटावर चढविला. ओझ्याची संवय या मुलखास दोन हजार वर्षांची आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

हें ओझें ज्या मानेवर पडतें तिच्यांत मणके सात, पण मज्जातंतूंच्या जोड्या मात्र आठ. दोन मणक्यांमधील गादी झिजली वा सरकली, किंवा हाडास कांटे फुटले, म्हणजे बाहेर पडणारा मज्जातंतु मुळाशींच चेपला जातो. मग दुखणें मानेंत उपजतें आणि हातांत उतरतें. सहाव्या मज्जातंतूचा त्रास अंगठ्यापर्यंत जातो, सातव्याचा मधल्या बोटापर्यंत, आठव्याचा करंगळीपर्यंत. आफ्रिकेंत डोक्यावर ओझीं वाहणाऱ्या लोकांच्या मानांची क्ष-किरणांनीं तपासणी झाली, तेव्हां त्यांच्या मणक्यांची झीज इतरांहून अधिक आढळली. अर्थात् झीज दिसली म्हणजे वेदना असलीच पाहिजे असें नाहीं. जन्मभर हंडे वाहूनहि ज्यांची मान कधीं कुरकुरली नाहीं अशा म्हाताऱ्या पुष्कळ सांपडतील.

या दुखण्याच्या इतिहासांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. उपाय आधीं आले आणि कारण फार मागाहून कळलें. आयुर्वेदानें मान आंखडण्यास मन्यास्तंभ म्हटलें. बाहूची कंडरा बोटांपर्यंत दुखून हात निकामी होतो त्या व्याधीस सुश्रुतसंहितेंत विश्वाची असें नांव आहे. तेल, शेक व नस्य हे त्यांवरचे उपचार. खेड्यांत आजहि निर्गुडीच्या पाल्याचा शेक देतात, तो याच परंपरेंतला. इकडे युरोपांत फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्यानें सतराव्या शतकांत मुडदूस झालेल्या मुलांस पट्ट्यांनीं टांगून त्यांचा कणा ताणण्याची रीत वर्णिली. १८१३ सालीं लिंग यानें स्टॉकहोम येथें व्यायामाची संस्था काढली. १८९४ सालीं लंडनमधील चार परिचारिकांनीं मर्दनाचें शिक्षण घेतलेल्या स्त्रियांची संस्था स्थापिली, आणि तींतूनच पुढें तेथील भौतिकोपचाराचा व्यवसाय उभा राहिला. पण मान ताणल्यानें हात कां हलका होतो, हें यांपैकीं कोणासहि नीट सांगतां आलें नसतें.

कमरेंतील सरकलेल्या गादीचें निदान १९३४ सालीं मिक्स्टर व बार यांनीं मांडलें. १९४३ सालीं सेम्स व मर्फी यांनीं मानेंतील गादीमुळें छातींत उठणारी कळ हृदयविकाराची भासते, हें दाखविलें. पुढल्याच वर्षीं स्पर्लिंग व स्कोव्हिल यांनीं मान बाजूस कलवून वरून दाब देण्याची परीक्षा वर्णिली. ती आजहि रुग्णालयांत केली जाते.

हें शास्त्र मुंबईस संस्थारूपानें आलें तें मात्र मानेसाठीं नव्हे, मुलांच्या पायांसाठीं. १९५२ सालीं शहरांत पोलिओची साथ उसळली, आणि १९५३ सालीं परळच्या के. ई. एम्. रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें भौतिकोपचाराची शाळा निघाली. लुळ्या पायांस चालतें करण्याची विद्या पुढें मानांच्याहि कामीं आली.

आजच्या उपचारांत मान ताणणें आहे, पण त्याच्या गुणाविषयीं तज्ज्ञांचें एकमत नाहीं. अधिक भरंवसा व्यायामावर आहे: हनुवटी हळूच मागें घेणें, पाठीचीं पातीं जवळ आणणें, मानेच्या खोल स्नायूंस बळ देणें. यांस यंत्र लागत नाहीं. घराच्या ओट्यावरहि हें साधतें. पट्टा थोडे दिवसच बांधावा. बहुतेक रोगी कांहीं आठवड्यांत अथवा महिन्यांत शस्त्रक्रियेवांचून सुधारतात. हात दुबळा होत चालला, चाल अडखळूं लागली, लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र व्यायाम बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टरकडे जावें.

खरी अडचण याहून साधी आहे. ओझें उचलूं नये, हा सल्ला मुंबईच्या कारकुनास पाळतां येतो. पाड्यावरील स्त्रीनें तो पाळला तर त्या दिवशीं चुलीवर भात शिजत नाहीं. म्हणून तिला व्यायाम शिकविणाऱ्यानें आधीं विहिरीस किती खेपा होतात हें विचारावें, मोठ्या हंड्याऐवजीं दोन लहान भांडीं दोन हातांत घेतां येतात काय हें पाहावें, आणि दुखणें भरांत असेपर्यंत तिच्या वांट्याच्या खेपा घरांतील पुरुषांनीं घ्याव्या, असें त्यांना समक्ष सांगावें.