मोबाइलवर विसंबलेले दैनंदिन व्यवहार : येलहंका परिसर आणि बंगळुरूचा अनुभव

बंगळुरू : बँक, रेल्वे, विमानप्रवास आणि बाजारहाट यांसाठी पूर्वी स्वतंत्र खिडक्या होत्या, आता यातील बहुतेक कामांची वाट मोबाइलमधून जाते. बंगळुरूच्या उत्तरेकडील येलहंका परिसरात या बदलाचे महत्त्वाचे दुवे जवळजवळ आढळतात.

सोळाव्या शतकात बंगळुरू वसविणाऱ्या केंपेगौडा यांच्या घराण्याचे येलहंका हे ठाणे होते. त्याच्या दक्षिणेस कोडिगेहळ्ळी येथे भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे तंत्रज्ञान केंद्र आहे. आधार क्रमांकांच्या वितरणास मात्र २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून प्रारंभ झाला. येलहंक्याच्या उत्तरेस देवनहळ्ळीजवळील केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावर १ डिसेंबर २०२२ पासून ‘डिजियात्रा’ ही चेहऱ्यावरून ओळख पटविणारी सुविधा उपलब्ध आहे. ती ऐच्छिक असून ओळखपत्र दाखवून प्रवेश घेण्याचा मार्गही खुला आहे.

भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय प्रणाली सुरू केली. सुट्ट्या पैशांची अडचण दूर झाली, तशी प्रत्येक व्यवहाराची नोंदही राहू लागली. या नोंदींच्या आधारे कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने २०२५ मध्ये अनेक छोट्या व्यापाऱ्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा पाठविल्या. वस्तूंच्या विक्रीत वार्षिक ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख रुपयांची उलाढाल ओलांडल्यास नोंदणी आवश्यक असते. जुलैमध्ये बंगळुरूतील अनेक दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ असे फलक लागले. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी २३ जुलै रोजी व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींशी चर्चा केल्यानंतर नियोजित बंद मागे घेण्यात आला.

एकाच प्रणालीवर विसंबल्याचा परिणाम त्याच वर्षी देशभर जाणवला. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय सेवा विस्कळीत झाली आणि रोकड जवळ नसलेल्यांचे व्यवहार खोळंबले.

रेल्वेने १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटांसाठी आधार पडताळणी सक्तीची केली. आरक्षण खिडकीवरील तत्काळ तिकिटांसाठीही मोबाइलवर येणाऱ्या एकवेळच्या सांकेतिक क्रमांकाची तरतूद याच निर्णयात आहे. त्यामुळे खिडकीशी उभ्या असलेल्या प्रवाशालाही मोबाइल जवळ बाळगावा लागण्याची स्थिती निर्माण होते. क्रमांक बदललेला असणे, बॅटरी संपणे किंवा संदेश वाचता न येणे ही कारणेही मग काम अडण्यास पुरेशी ठरतात.

स्मार्टफोन किंवा इंटरनेट नसलेल्यांसाठी मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ ही सोय सुरू झाली. साध्या फोनवरून दूरध्वनी करून किंवा मिस्ड कॉल देऊन तिच्याद्वारे पैसे पाठविता येतात.

डिजिटल सेवेपर्यंत पोहोचण्याच्या हक्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. ॲसिडहल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींना बँक व अन्य सेवांच्या ऑनलाइन ओळख पडताळणीत अडचणी येत होत्या. कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटण्याची अट त्यांपैकीच एक. असा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले आणि पडताळणीची प्रक्रिया सर्वांना वापरता यावी यासाठी २० निर्देश दिले. ज्यांना ही प्रक्रिया स्क्रीनवर पूर्ण करणे शक्य नाही, त्यांच्यासाठी कागदोपत्री पडताळणीचा पर्याय कायम ठेवण्याचाही त्यांत समावेश आहे.